स्विचला वार कळत नाहीत

९ जानेवारी

मामा,

नमस्कार तुला, आणि लांबूनच तुझ्या कानांनाही. गेल्या वेळी फोनवर मी तब्येत विचारली आणि तू मला इंजिनात कुठलं तेल घालायचं ते सांगितलंस. मामी म्हणाली, कागदावरचं मात्र त्यांना सगळं ऐकू येतं. म्हणून हा कागद.

बाबांची गाडी आजारी आहे. तीच ती, क्रीम रंगाची, ऑटोमॅटिक, अठ्ठावीस वर्षांची. बाबा गेल्यापासून तीन वर्षं कव्हराखाली झोपून होती. नोव्हेंबरात मी तिला उठवलं, बॅटरी बदलली, टायर बदलले. गल्लीबोळांत अगदी शहाण्यासारखी चालते. पण मोठ्या रस्त्यावर सत्तरच्या आसपास गेली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. ऐंशीच्या पुढे गेलं की थरथर थांबते, खाली आलं की पुन्हा सुरू.

आमच्या कोपऱ्यावर एक मिस्त्री आहे. प्रत्येक वाक्यात 'फटाफट' म्हणतो, म्हणून आम्ही त्याला फटाफट मिस्त्रीच म्हणतो. त्याने एक चक्कर मारली आणि उतरायच्या आतच सांगितलं की गिअरबॉक्स कामातून गेला, फटाफट दुसरा बसवू. दुसरा बॉक्स गाडीपेक्षा महाग. भाऊ म्हणाला, मार्चअखेर भंगारवाला येऊन घेऊन जाईल, तोवर सगळ्यांनी मनाची तयारी करा.

आईने ते ऐकलं. उठली, बाहेर गेली आणि गाडीवर पुन्हा कव्हर घातलं. चारही कोपरे नीट खोचले, तापात झोपलेल्या पोराला पांघरूण घालतात तसे. मामा, मला ते बघवलं नाही. तू चाळीस वर्षं गिअरबॉक्स सोडून दुसरं काही केलं नाहीस. ही गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं मागणं आहे.

तुझी चष्मेवाली भाची

ता. क. मामीने विचारलंच, तर गाडी मीच चालवते.


१५ जानेवारी

चष्मेवालीस,

माझा आशीर्वाद एक आणि मामीचे दोन, कारण ती शेजारी बसून वाचते आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. खरं सांगू का, कान गेल्यापासून वर्कशॉपमध्ये मला कोणी गाडी दाखवत नाही. मी गेलो की खुर्ची देतात, चहा देतात आणि गाडी दुसऱ्या टोकाला नेतात. दोन वर्षांत पहिल्यांदा कोणी मला विचारलं की हिला काय झालंय. मामीचं म्हणणं, मी सकाळपासून शीळ घालतोय. मला ऐकू येत नाही, त्यामुळे तिच्यावर विश्वास ठेवायचा.

आता तुमचे फटाफट. उचलली जीभ लावली टाळ्याला. बॉक्स 'गेला' म्हणजे कुठे गेला, ते त्यांना विचार. गेलेल्या बॉक्सची गाडी गल्लीबोळांत शहाण्यासारखी चालत नाही.

नीट ऐक. म्हणजे वाच. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेलाने भरलेला एक गोल डबा असतो, त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. आत दोन पंखे समोरासमोर. एक इंजिन फिरवतं, तो तेल ढकलतो, आणि त्या तेलाच्या रेट्याने दुसरा फिरतो. एकमेकांना हात न लावता. म्हणून तर सिग्नलला गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही. पण बिनहाताच्या कारभारात थोडी घसरण होतेच. म्हणून गाडी तापली आणि सत्तरच्या आसपास एका चालीत आली की आतली एक चकती दोन्ही बाजूंना घट्ट जोडून टाकते. याला लॉकअप म्हणायचं. पोलिसांचा नव्हे. ती चकती नीट चिकटत नसेल, चिकट-सूट चिकट-सूट करत असेल, तर गाडी तू लिहिलीस तशीच थरथरते.

पण इंजिनाचा एखादा प्लग ठिणगी चुकवत असला तरी थरथर होते. म्हणून परीक्षा. तू दुकानात भिंगं बदलून विचारतेस ना, हे बरं दिसतं की ते? तसंच गाडीला विचार. सोमवारी तुझी सुट्टी असते. रिकामा, सरळ रस्ता बघ. गाडी चांगली तापू दे. सत्तरला थरथर सुरू झाली की उजवा पाय ॲक्सिलरेटरवर आहे तसाच ठेव आणि डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर. गाडी थांबवायची नाही, फक्त मागचे लाल दिवे लागतील इतकाच. ब्रेकचा स्विच दबला की लॉकअप सुटतो, गाडी तशीच बनवलेली असते. थरथर त्याच क्षणी गेली आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा थोडा वर चढला, तर दोष लॉकअपचा. थरथर राहिली तर दुसरीकडे शोधू.

शिवाय बॉक्समधलं तेल बघ. इंजिन गरम आणि चालू, गिअर पी-वर, गाडी सपाट जागी. तेल मोजायची पट्टी बाहेर काढ, पांढऱ्या कपड्यावर टेकव, रंग आणि वास लिहून कळव. चांगलं तेल लाल असतं.

मामा


२४ जानेवारी

मामा,

तू जादूगार आहेस. सत्तरला थरथर सुरू झाली, डावा पाय ब्रेकला लागला आणि गाडी एकदम गप्प. काटा पाव इंच वर. पाय काढला, चार-पाच सेकंदांत पुन्हा थरथर. पाय लावला, गप्प. सहा वेळा केलं, सहाही वेळा तसंच. मी वहीत खुणा करत गेले.

तेलाची पट्टी दुकानातल्या चष्मे पुसायच्या कपड्यावर टेकवली. तू लाल असतं म्हणाला होतास, हे चक्क तपकिरी, आणि वास करपलेल्या दुधाचा. कपडा फटाफट मिस्त्रीच्या नाकाखाली धरला, तर तो म्हणाला की तेल जुनं आहे हे त्याला आधीपासूनच माहीत होतं. मग बोलला का नाही, असं विचारल्यावर म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत.

भाऊ मात्र ढिम्म आहे. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरवर ३१ मार्चला गोल करून ठेवलाय. त्याचं काय चुकतं म्हणा, तो मंगळवारी आणि शुक्रवारी दुसऱ्या गावच्या ऑफिसात असतो, बाकीचे दिवस इथल्या. त्याला गाडीची काळजी म्हणजे अजून एक कटकट.

आई तुला नमस्कार सांगते. हल्ली ती फार आनंदात असते, कारण विचारू नकोस.

चष्मेवाली


२९ जानेवारी

चष्मेवालीस,

शाबास. शितावरून भाताची परीक्षा होते ती अशी.

बॉक्स खोलायचा नाही. आधी तेल. पण फटाफटांना फटाफट करू देऊ नकोस. अठ्ठावीस वर्षांच्या बॉक्समधून दाबाने सगळं तेल धुऊन काढलं तर जी घाण आत सुखाने बसली आहे ती उठते आणि नको तिथे जाऊन अडकते. खालचा नट खोलून जेवढं आपोआप गळेल तेवढंच जाऊ द्या. तेल गाळायची जाळी साफ करा. तेवढंच नवं भरा. पाचशे किलोमीटर चालवा, मग पुन्हा तसंच. आणि गाडीच्या पुस्तकात ज्या जातीचं तेल लिहिलंय तेच. 'लाल ते लाल' असं फटाफट म्हणतील. त्यांना सांग, की त्यांच्या डोळ्यांचा नंबर तू फुकट काढून देशील.

तुझी आई आनंदात आहे आणि कारण विचारायचं नाही, हे वाचून मामीने पेन हातातून घेतलं होतं. मी परत मिळवलं.

मामा


१२ फेब्रुवारी

मामा,

तुझ्या तोंडात साखर. दोनदा तेल बदललं. दुसऱ्यांदा पट्टीवर तेल चेरीसारखं लाल आलं, आणि सोमवारी सत्तरला गाडी अशी चालली की मला वाटलं इंजिन बंद पडलं की काय. फटाफट मिस्त्री स्वतः चक्कर मारून आला आणि उतरल्यावर एकदाही 'फटाफट' म्हणाला नाही. गल्लीत ही बातमी झाली.

पण मामा, एक नवीनच दुखणं आलंय. थरथर नाही. सत्तर-पंचाहत्तरला एका चालीत असताना फेऱ्यांचा काटा मान डोलावतो. वर जातो, खाली येतो, पुन्हा वर. गाडी किंचित ओढल्यासारखी, सोडल्यासारखी होते. आणि गंमत म्हणजे रोज नाही. सोमवारी नव्हतं. मंगळवारी होतं, शुक्रवारीही होतं. रविवारी भावाने नाखुशीने एक चक्कर मारली, तेव्हा काही नाही. तो फक्त सीटवरून कुरकुरला, की कोण ती पुढे ओढून ठेवतं आणि वर उशी कशाला.

भाऊ म्हणतो, एक झालं की दुसरं निघणार, जुन्याचं असंच असतं. कॅलेंडरवरचा गोल त्याने अजून पुसलेला नाही. काटा थांबला नाही तर मी त्याच्याशी भांडू कशाच्या जोरावर?

चष्मेवाली


१७ फेब्रुवारी

चष्मेवालीस,

काटा वर म्हणजे लॉकअप सुटला. खाली म्हणजे लागला. चकती बिचारी सारखी लावा-सोडा करते आहे. हे चालू राहिलं तर ती झिजेल, नवं तेलही करपेल आणि आपण पुन्हा जानेवारीत जाऊन बसू. तेव्हा दुर्लक्ष करू नका.

मला वाटतं, बॉक्सकडे जाणारी वायर कुठेतरी सैल आहे. थंडीत धरते, उन्हात सोडते. बॉक्सच्या बाजूला जोड आहे तो काढून, साफ करून, घट्ट बसवायला सांग.

आणखी एक काम. काटा डोलतो त्या दिवशी कोणीतरी मागून चालत्या गाडीवर नजर ठेवा आणि मागचे लाल दिवे बघा. गाडी थांबली की चारही चाकांजवळ हात नेऊन बघ, कुठलं जास्त तापलंय. चटका बसेल, हात लावायचा नाही.

काल वर्कशॉपमध्ये एकाने मला त्याची गाडी दाखवली. बहुतेक मामीने त्याला दम दिला असावा. तरी बरं वाटलं.

मामा


२६ फेब्रुवारी

मामा,

जोड साफ केला. काही फरक नाही.

शुक्रवारी शेजारचे काका स्कूटरवरून मागे गेले. परत येऊन त्यांनी सांगितलं की मागचे लाल दिवे सबंध रस्ताभर लुकलुकत होते, आणि पुढे काही अडचण होती का, असं विचारलं. पुढे कुत्रंही नव्हतं. पुढची दोन्ही चाकं इतकी तापली होती की वीतभर अंतरावर धग लागत होती. सोमवारी मी स्वतः हात नेऊन बघितला, चाकं कोमट.

ब्रेकचा स्विच खराब झाला असेल का? फटाफट म्हणतो की बदलून टाकू. तू हो म्हण, म्हणजे लगेच बदलते. महिनाच उरलाय.

चष्मेवाली


२ मार्च

भिंगरे,

हे पत्र तुला आहे, तुझ्या लेकीला नाही. ती वाचणारच, तर तिलाही सांग की स्विच बदलायचा नाही. स्विच शहाणा आहे. तो सोमवारी बरा, रविवारी बरा आणि मंगळवारी-शुक्रवारी वाईट, असं होत नसतं. स्विचला वार कळत नाहीत. वार माणसांना कळतात.

मी काल संध्याकाळी सगळी पत्रं टेबलावर ओळीने मांडली. मंगळवारी आणि शुक्रवारी तुझा लेक परगावी असतो. त्या दिवशी लेकीचं दुकान उघडं असतं, तिची सुट्टी सोमवारी. सोमवारी 'मी स्वतः' हात नेऊन बघितला, असं ती लिहिते. म्हणजे शुक्रवारी स्वतः नव्हती. सीट पुढे ओढलेली आणि वर उशी, म्हणजे चालवणारी व्यक्ती बुटकी. आणि पहिल्याच पत्रात, कोणी विचारलं नसताना, गाडी मीच चालवते असा ताजा कलम. चोराच्या मनात चांदणं. तुझ्या वहिनीने हे जानेवारीतच ओळखलं होतं म्हणे, आणि माझी गंमत बघत गप्प बसली.

तर त्या गाडीत जो बसतो त्याचा डावा पाय सबंध रस्ताभर ब्रेकवर असतो. दाबलेला नाही, नुसता ठेवलेला. खड्डा आला की पाय हलतो, स्विच दबतो, लॉकअप सुटतो. पुन्हा लागतो. पुन्हा सुटतो. चाकं उगाच घासून तापतात. गाडीला काहीही झालेलं नाही.

भिंगरे, तू गाडी चालवतेस?

मी हे वाक्य लिहिलं आणि पुन्हा शीळ घालायला लागलो. आनंदाने. आता उलट टपाली सगळं लिही.

अण्णा


८ मार्च

अण्णा,

सापडले एकदाची. लेक म्हणते, मामाशी खोटं बोलायचं तर पत्रातून तरी बोलू नये.

हो, मी चालवते. मागच्या उन्हाळ्यात शाळेत नाव घातलं. गाडीच्या शाळेत. वर्गात बाकीच्या माझ्या नातीच्या वयाच्या. शिकवणाऱ्या बाई मला आजी म्हणायच्या, पण गिअर चुकला की त्यांची जीभ आजी-बिजी बघत नसे. डिसेंबरात लायसन्स मिळालं. छायाचित्रात मी इतकी हसले आहे की ते घ्यायला तयार नव्हते, पुन्हा काढावं लागलं.

लेकाला सांगितलं नाही, कारण तो 'या वयात' असं सुरू करेल. आणि तुला सांगितलं नाही, कारण तुझ्याकडे मला न सांगता यायचं होतं. त्याच गाडीने, त्याच वर्कशॉपच्या फाटकातून. म्हणून ती भंगारात जायला नको होती. लेकीला वाटतं ती बाबांची आठवण म्हणून हवी आहे. तेही आहेच. पण अर्धं कारण हे होतं.

जानेवारीतली ती तुझी परीक्षा मीच दिली. लेक शेजारी वही घेऊन बसली होती. तू लिहिलं होतंस, डावा पाय ब्रेकला लाव, थरथर जाईल. लावला, गेली. मला वाटलं, किती सोपं औषध आहे हे. मग मी तो उचललाच नाही. तेल बदललं तरी नाही.

पण सगळा दोष तुझ्या परीक्षेवर ढकलत नाही. पाय तिथे ठेवला की मला बरं वाटतं. तुला वर्कशॉपच्या मालकांची ती जीप आठवते? मी अठराची, तू सव्वीसचा. तू मला शिकवत होतास आणि मी ती फाटकाच्या आतल्या पाण्याच्या लोखंडी टाकीवर नेऊन घातली. सगळे म्हणाले, पोरीने घाबरून ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. तूही चारचौघांत म्हणालास, गाडी हे तुझं काम नाही.

अण्णा, मी ब्रेकच दाबला होता. मला अजून आठवतं, तो खाली गेला आणि काहीच झालं नाही. पण इतके सगळे सांगतात म्हटल्यावर मला वाटलं, माझाच पाय चुकला असणार. अठ्ठेचाळीस वर्षं मी तेच धरून चालले. हे होते तेव्हा ते चालवायचे, मी शेजारी बसून पर्स सांभाळायची. आता चालवते, तर पाय आधीच ब्रेकवर नेऊन ठेवते, म्हणजे वेळेला चुकायला नको. दुधाने पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं.

रागावून लिहिलेलं नाही हे. तू विचारलंस म्हणून सांगितलं. काटा थांबवायचा तर पाय कुठे ठेवू, ते सांग.

भिंगरी


१३ मार्च

भिंगरे,

तुझा पाय चुकला नव्हता.

आधी हे वाक्य दोनदा वाच, मग पुढे जा.

त्या जीपचा ब्रेक सैल होता. पहिला दाब फुकट जायचा, दुसऱ्याला थोडा धरायचा, तिसऱ्याला लागायचा. मला ते ठाऊक होतं. मालकांनी आदल्या दिवशीच मला तो ताणून ठेवायला सांगितलं होतं आणि मी उद्यावर टाकला. मी स्वतः सवयीने तीनदा दाबायचो, म्हणून तुला सांगायचं सुचलंच नाही. जीप टाकीवर गेली तेव्हा मालक समोर उभे होते. मला नोकरी लागून चारच महिने झाले होते. सगळे म्हणाले पोरगी घाबरली, आणि मी गप्प राहिलो. नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. वर ते वाक्य बोललो, म्हणजे कोणी ब्रेककडे बघू नये.

तुझं लग्न झालं, सगळं सुरळीत झालं, मला वाटलं तू विसरलीस. मी विसरलो नव्हतो. टाकीला पडलेला पोचा अजून आहे. वर्कशॉप माझ्याकडे आलं, तीनदा रंग दिला, पोचा काढायला मन झालं नाही. आणि बघ, दोन महिने मी वायर तपासतोय, जोड तपासतोय, स्विच तपासतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझ्या गाडीचा दोष शोधत गेलो आणि मीच सापडलो.

माफ कर, असं कागदावर लिहितो आहे. पण मी ते वाक्य चारचौघांत बोललो होतो, तेव्हा परतही चारचौघांतच घेईन. त्यासाठी तुला यावं लागेल. तुझ्या त्याच गाडीने.

आता पाय. डाव्या कोपऱ्यात, दाराच्या बाजूला, जमीन थोडी चढती असते. ती डाव्या पायाची जागा. डाव्या पायातली चप्पल काढून मागच्या सीटवर टाक. पायाखाली ठेवू नकोस, घरंगळत ब्रेकखाली गेली तर वेगळाच गोंधळ. अनवाणी पायाला जमीन लागली की तो आपल्या जागी आहे हे त्याला कळतं. ब्रेक मारायचा तो उजव्यानेच, हवा तेव्हा, एकदाच. निघण्याआधी फटाफटांना चाकं उघडून ब्रेकचे पॅड बघायला सांग, ते घासले असतील. नवे घाला. आणि ब्रेक माझ्या शब्दावर घेऊ नकोस. अंगणात उभ्या गाडीत दहा वेळा दाबून बघ. पहिल्याच दाबाला घट्ट लागला पाहिजे. लागेल.

लेकाला सांगून नीघ. त्याने 'या वयात' म्हटलं तर त्याला सांग, की मामा म्हणतो, या वयात मामाची चूक निघाली, आईची नाही.

अण्णा


२५ मार्च

चष्मेवालीस,

दोघी नाही, तुझी आई एकटीच आली. तू दुकान सोडून येणार नाहीस हे तिने मला लिहिलंच नव्हतं, तेवढीच माझी थोडी तारांबळ उडाली.

सकाळी दहापासून मी वर्कशॉपच्या अलीकडच्या वळणावर स्टूल टाकून बसलो होतो. फाटकात उभा राहिलो असतो तर गाडी समोरून दिसली असती, आणि मला ती मागून बघायची होती. मामी म्हणाली, येणाऱ्या माणसाला पाठमोरं बघायला जाणारा तूच एक. पावणेबाराला क्रीम गाडी वळणावर आली. काच खाली, दोन्ही हात स्टीअरिंगवर, मान ताठ, उशीवर बसलेली. माझ्याकडे तिचं लक्षसुद्धा नव्हतं. ते तसंच असावं.

गाडी पुढे गेली. वळणापासून फाटकापर्यंत रस्ता सरळ आहे, चांगला अर्धा किलोमीटर. मी मागच्या दिव्यांवर डोळे लावून बसलो. दिवे काळे. काळेच. एकदाही लुकलुकले नाहीत. मी स्टूल तिथेच टाकून चालायला लागलो, मग पळायला. चौऱ्याहत्तराव्या वर्षी पळणं म्हणजे काय ते गुडघे तुला वेगळं पत्र लिहून कळवतील. फाटकातून गाडी आत गेली, समोर टाकी, आणि आता कुठे दिवे लागले. एकदाच. लागले ते लागलेलेच राहिले.

मी पोचलो तेव्हा ती उतरून उभी होती. उजव्या पायात चप्पल, डावा पाय अनवाणी. आनंदात तिला ती मागच्या सीटवरून घ्यायचं सुचलंच नव्हतं. तशीच लंगडत आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती काही बोलली. मला ऐकू आलं नाही, आणि पहिल्यांदाच कान गेल्याचं मनापासून वाईट वाटलं. मग मामीने ते माझ्या कानाशी मोठ्याने सांगितलं: "पहिल्या दाबाला लागला म्हणते."

मग मी सगळ्यांना हातातलं काम ठेवायला लावून टाकीजवळ बोलावलं. सात जण. एकही तेव्हा जन्मलेला नव्हता. मी पोच्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की हा पोचा माझा आहे. ब्रेक मी ताणला नव्हता, खोटं मी बोललो होतो, आणि माझी बहीण त्या दिवशीही नीटच चालवत होती. तुझी आई माझी बाही ओढत म्हणाली, "अण्णा, हळू बोल. ऐकू तुला येत नाही, त्यांना येतं." सगळे हसले. मी आवाज कमी केला नाही. शेजारच्या दुकानातली माणसंही बाहेर आली, ते बरंच झालं.

दुपारी मी तिच्या शेजारी बसून एक चक्कर मारून आलो. सत्तरला काटा खाली आला आणि तिथेच राहिला. मी आवाज ऐकू शकत नाही, पण तळवा डॅशबोर्डवर ठेवला की मला अजून सगळं कळतं. चकती घट्ट धरते आहे. गाडी आणखी दहा वर्षं जाईल. भावाला सांग, कॅलेंडरवरचा गोल पुसू नकोस. एकतीसला तुझी आई परत येणार आहे, त्याच तारखेला, तोच गोल चालेल.

खालची जागा ती मागते आहे.

मामा

लेकी, मी सुखरूप पोचले. तुझ्या मामाला सगळं मागूनच दिसलं, म्हणून पुढचं मी लिहिते. फाटकातून आत शिरले, टाकी समोर आली, आणि डावा पाय आपोआप उचलला गेला. मी त्याला म्हटलं, बस रे गप्प, तुझी चूक नव्हती. तो बसला. मग उजव्याने थांबवली. टाकी आणि बंपर यांच्यामध्ये तुझ्या मामाने वीत टाकून बघितली, बरोबर दोन विती भरल्या.

आई